वेड, देव आणि घरची माणसं

१
डेन्मार्कचा पश्चिम भाग, जटलंड. भल्या पहाटे म्हाताऱ्या बोर्गेनच्या घरात धावपळ सुरू होते. मधला मुलगा अंथरुणात नाही. थोरला आणि धाकटा उठतात, बापही निघतो, तिघं वाळूच्या टेकड्यांकडे जातात. मुलगा तिथेच आहे. वाऱ्यात हलणाऱ्या गवतात उभा राहून, समोर नसलेल्या लोकांना तो त्यांच्या अश्रद्धेबद्दल खडसावतोय. तो स्वतःला येशू ख्रिस्त समजतो. नाव योहानेस. कार्ल ड्रायरचा 'ऑर्डेट', १९५५. ह्या वहीतली बरीच टिपणं त्याच्याभोवती फिरतात.

२
घरी आल्यावर योहानेस मेणबत्त्या पेटवून खिडकीत ठेवतो. बाहेर अंधारात असलेल्यांना उजेड मिळावा म्हणून. कुणी हसत नाही, कुणी हाताला धरून ओढत नाही. घराला सवय झाली आहे. मेणबत्त्यांपेक्षा मी त्या सवयीकडे जास्त बघतो.

३
प्रेबेन लेरडॉर्फ ऱ्ये हा नट योहानेसची वाक्यं एकाच पट्टीत, बारीक, कण्हल्यासारख्या सुरात म्हणतो. नजर कुणावरच ठरत नाही. संत दाखवायचा असता तर आवाज गोड ठेवता आला असता. वेडा दाखवायचा असता तर हातवारे, डोळे गरगर फिरवणं हे सगळं हाताशी होतं. ड्रायरनं दोन्ही टाळलं. ऐकणाऱ्याला आधी कंटाळा येतो, मग राग, आणि खूप उशिरा भीती.

४
नवा पाद्री घरी येतो. त्याला थोरला भाऊ मिकेल सांगतो की योहानेस असा नव्हता, धर्मशास्त्र शिकत होता. पाद्री विचारतो, प्रेमाबिमाचं काही? मिकेल म्हणतो, छे, सोरेन कीर्केगॉर.

चित्रपट ज्यावर बेतला त्या काय मुंक ह्या नाटककाराच्या मूळ नाटकात कारण वेगळं आहे. तिथे योहानेसची वाग्दत्त वधू अपघातात जाते आणि त्याचं मन फिरतं. ड्रायरनं ती बाई कथेतून काढून टाकली. प्रेयसी गेली म्हणून वेड लागलं, असं कळलं की आपण 'अरेरे' म्हणतो आणि तो काय बोलतोय ते ऐकणं सोडून देतो. पुस्तकं वाचून वेड लागलं म्हटल्यावर ऐकावं लागतं.

५
तत्त्वज्ञ कीर्केगॉरचे वडील ह्याच जटलंडचे. लहानपणी माळरानावर मेंढ्या राखताना, थंडीभुकेनं कळवळून, त्या मुलानं देवाला शाप दिला होता. पुढे ते कोपनहेगनला जाऊन श्रीमंत झाले, पण त्या शापाची टोचणी आयुष्यभर राहिली आणि मुलापर्यंत पोचली. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. व्यवसाय उत्तम चालला होता.

६
मुंक स्वतः पाद्री होता. पश्चिम जटलंडमधल्या व्हेडर्स्योचा. जर्मनांनी देश व्यापल्यावरही तो व्यासपीठावरून त्यांच्याविरुद्ध बोलत राहिला. ४ जानेवारी १९४४ ला गेस्टापोनं त्याला घरातून नेलं आणि ठार केलं. ड्रायरनं चित्रीकरणासाठी त्याच गावचा परिसर निवडला.

७
बंगाल, एकोणिसावं शतक. जमीनदार कालीकिंकर रॉयला स्वप्न पडतं. कालीचे डोळे आणि धाकट्या सुनेचा चेहरा एकमेकांत मिसळतात. जाग आल्यावर तो जाऊन सुनेच्या पायांवर डोकं ठेवतो. सून दयामयी आक्रसून जाते. काल रात्रीपर्यंत ती ह्याच सासऱ्याचे पाय चेपत होती. सत्यजित राय, 'देवी', १९६०. शर्मिला टागोर तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती.

८
योहानेस म्हणतो, मी देव आहे. घर म्हणतं, नाहीस.
दयामयी काहीच म्हणत नाही. घर म्हणतं, आहेस.

९
अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत संभ्रमाची व्याख्या होती. ठाम, चुकीची समजूत. उलट पुरावा समोर ठेवला तरी न हलणारी. आणि एक अट: ती समजूत त्या माणसाच्या समाजात सर्रास मानली जाणारी नसावी.

ह्या व्याख्येनं योहानेस आजारी. कालीकिंकर ठणठणीत, कारण त्याच्या अंगणात आरतीला गाव जमलं आहे.

मी ही व्याख्या वाईट मानत नाही. डॉक्टरला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि एखाद्या समाजाची श्रद्धा हाच आजार ठरवण्यापेक्षा हे बरं. पण 'देवी'मध्ये ती रेघ दयामयीच्या अंगावरून जाते.

१०
'ऑर्डेट'मधला एक शॉट. मिकेलची बायको इंगर अवघडून बाळंत झाली आहे. मूल गेलं, ती वाचेल असं डॉक्टर सांगतो, कॉफी पितो, निघतो. योहानेस बसायच्या खोलीत आहे. वाळूचं घड्याळ आणि विळा घेतलेला माणूस त्याला दिसतो. तो इंगरला न्यायला परत आलाय, आता भिंतीतून आत शिरतोय, असं योहानेस बापाला सांगतो. त्याच क्षणी भिंतीवरून उजेडाचा एक पट्टा सरकत जातो.

तो डॉक्टरच्या मोटारीच्या दिव्यांचा उजेड आहे. गाडी अंगणात वळतेय. बापाला तेवढंच दिसतं, आणि त्याचं बरोबर आहे.

थोड्या वेळानं मिकेल बाहेर येऊन सांगतो की इंगर गेली.

उजेड एकच. ड्रायरनं भिंतीवर दुसरं काहीही दाखवलेलं नाही.

११
जाण्याआधी डॉक्टर म्हाताऱ्याला विचारतो, कशाचा गुण आला, तुमच्या प्रार्थनेचा की माझ्या उपचारांचा? प्रश्न खेळकर आहे. गाडी अजून फाटकाबाहेर पडायची आहे.

१२
केरळ. 'मणिचित्रताळ', १९९३, दिग्दर्शक फाझिल, लेखक मधु मुट्टम. जुन्या वाड्यात विचित्र प्रकार सुरू होतात. संशय कुणावर जातो? श्रीदेवीवर. तिच्या पत्रिकेत मंगळ आहे, लग्न टिकलेलं नाही, ती माहेरी परत आली आहे. जिचं आधीच वाईट झालेलं आहे तिच्यावर आणखी एक गोष्ट ढकलायला घराला फार विचार करावा लागत नाही. प्रेक्षकही मुकाट्यानं घराबरोबर जातो.

आजारी असते ती गंगा. शहरातून आलेली, शिकलेली, हसरी, सगळ्यांची लाडकी सून.

१३
नवरा नकुलन गंगेला बाहेर जायला मना करतो. एवढंच निमित्त. ती आधी विचारते, मग आवाज बदलतो, मल्याळमची तमिळ होते, आणि ती जड पलंग एका हातानं उचलते. नवरा तिला हाक मारून परत आणतो. परत आल्यावर तिला काही आठवत नाही. ती विचारते, काय झालं?

गंगा झालेल्या शोभनाच्या अभिनयातली थोर जागा माझ्या मते ही आहे: तमिळमधल्या संतापापेक्षा त्यानंतरचा हा गोंधळलेला, साधा प्रश्न.

१४
गंगेला भाग्यलक्ष्मी ह्यांचा आवाज आहे. ती वाड्याच्या दंतकथेतली तमिळ नर्तकी नागवल्ली होते तेव्हाचा आवाज दुर्गा नावाच्या दुसऱ्या कलाकाराचा. कितीतरी वर्षं दोन्ही आवाजांचं श्रेय एकीलाच मिळत होतं. पुढे फाझिल ह्यांनी खुलासा केला. तोवर लोक म्हणत होते, एका बाईच्या घशातून दोन बायका कशा बोलल्या बघा.

१५
त्याच चित्रपटातलं आणखी एक. मानसोपचारतज्ज्ञ सनी आणि मांत्रिक ब्रह्मदत्तन नंबुद्रीपाद एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दोघं मिळून उपाय ठरवतात. नागवल्लीला सूड हवा आहे ना? तिला तो घेऊ द्यायचा, फिरत्या फळीवर माणसाच्या जागी बाहुला येईल एवढी व्यवस्था करायची. मंत्र, दिवे, रांगोळी सगळं खरं. बाहुला खोटा. गंगा बरी होते.

हा उपचार कुठल्याही दवाखान्यात चालणार नाही, आणि चालू नये. पण त्यात एक गोष्ट आहे जी मला पटते. सनी पडवीतल्या पायरीपासून बंद दाराच्या कुलपापर्यंत सगळीकडे जाऊन बघतो. गंगेचं बालपण शोधायला तिच्या गावी जातो. आईवडील तिला आजीकडे ठेवून कलकत्त्याला गेले होते, हे त्याला तिथे कळतं.

१६
महाराष्ट्रात २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात साखळी आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरानं वा साखळीनं बांधून मारणं हा गुन्हा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ मध्येही साखळी आहे: मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधून ठेवायला बंदी.

एक कायदा 'भूत आहे' म्हणणाऱ्यांसाठी. एक 'आजार आहे' म्हणणाऱ्यांसाठी.

१७
६ ऑगस्ट २००१, एरवाडी, तमिळनाडू. दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारी खाजगी घरं होती. त्यांतल्या एका घराला पहाटे आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ मृत्यू.

त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे आणलं होतं ते बरं व्हावं म्हणून. हे लिहिल्याशिवाय पुढची टिपणं लिहिता येत नाहीत.

१८
'टेक शेल्टर', २०११, दिग्दर्शक जेफ निकल्स. ओहायोतला मजूर कर्टिस. त्याला वादळाची स्वप्नं पडतात, तेलासारखा पाऊस, चवताळलेला कुत्रा. आईला तिशीत स्किझोफ्रेनिया झाला होता आणि तो आता पस्तीस वर्षांचा आहे. तो काय करतो? वाचनालयातून मानसिक आजारांवरचं पुस्तक आणतो, डॉक्टरकडे जातो, आईला जाऊन विचारतो की तुझं कसं सुरू झालं होतं. आणि कर्ज काढून अंगणातलं वादळासाठीचं तळघरही वाढवतो.

दोन्ही. एकाच वेळी.

चित्रपटांतल्या इतक्या झपाटलेल्या माणसांमध्ये हा एकटाच मला असा दिसला की जो स्वतःवर संशय घेतो आणि स्वप्नालाही टाकत नाही. तळघरापायी नोकरी जाते, नोकरीबरोबर विमा जातो, आणि त्या विम्यावर मुलीच्या कानाची शस्त्रक्रिया व्हायची होती. विमा कंपनीच्या कागदावर स्वप्नाला रकाना नसतो.

१९
वादळ येतं. तिघं तळघरात. सकाळी बायको समांथा म्हणते, वादळ गेलं. तो म्हणतो, अजून आहे. किल्ली त्याच्याकडे आहे. ती हिसकावून घेऊ शकते, ती स्वतः दार उघडू शकते. ती म्हणते, मी उघडलं तर काहीच बदलणार नाही, तुलाच उघडावं लागेल.

तो उघडतो. बाहेर लख्ख ऊन, शेजारी पडलेल्या फांद्या गोळा करतायत.

२०
त्यानंतरचा शेवट समुद्रकिनाऱ्यावर आहे. वादळ खरंच दिसतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे समांथालाही दिसतं, तेलकट थेंब तिच्या हातावर पडतात. हे स्वप्न की खरं, ह्यावर लोक वाद घालतात. मला एवढं कळलं की आता तो एकटा नाही.

२१
'देवी'. नवरा उमाप्रसाद कलकत्त्याहून येतो, बायकोला ह्या सगळ्यातून बाहेर काढायचं ठरवतो. रात्री दोघं निघतात. नदीकाठी विसर्जन केलेल्या मूर्तीचा सांगाडा पडलेला आहे, काठ्या आणि पेंढा. तिथे दयामयी थांबते. म्हणते, आणि मी खरंच देवी असले तर?

एका भिकाऱ्याचा मरायला टेकलेला नातू तिच्या पायाचं तीर्थ पाजल्यावर बरा झाला होता. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीनं ह्याचं काय करायचं? ती परत फिरते.

ही मुलगी इथे वेडी नाही. इतक्या लोकांनी इतक्या दिवस एकच गोष्ट सांगितल्यावर कुणीही जे विचारील तेच तिनं विचारलं.

२२
'ऑर्डेट'. इंगर जाते तीच रात्र, ती जायच्या आधी. तिची मुलगी मारेन योहानेसकाकाजवळ येते. विचारते, आई मरणार का, आणि मेली तर तू तिला उठवशील ना? कॅमेरा दोघांभोवती सावकाश फिरत राहतो. काका म्हणतो, बाकीचे मला करू देणार नाहीत. ती म्हणते त्याचा मथितार्थ असा की त्यांचं काय एवढं.

चित्रपटात योहानेसशी माणसासारखं बोलणारी ती पहिली. त्याचं म्हणणं खरं की खोटं हे ती ठरवत बसत नाही. तिचं काम आहे त्याच्याकडे.

२३
एका चित्रपटात मूल वेड्या काकावर विश्वास ठेवतं आणि आई परत येते.
दुसऱ्यात, 'देवी'त, मोठी माणसं काकूवर विश्वास ठेवतात आणि मूल मरतं.

२४
ब्युनोस आयर्स. एलिसेओ सुबिएलाचा 'आग्नेयेकडे तोंड केलेला माणूस', १९८६. मनोरुग्णालयात एक दिवस मोजणीत एक माणूस जास्त भरतो. नाव रांतेस. कुठून आला कुणाला माहीत नाही. तो शांतपणे सांगतो की मी दुसऱ्या ग्रहावरचा आहे. रोज अंगणात आग्नेयेकडे तोंड करून तासन्‌तास उभा राहतो. संदेश घेतो, म्हणे.

बाकी वागणं असं: थंडीनं कुडकुडणाऱ्याला कोट देतो, एकटं मरणाऱ्याजवळ बसतो. डॉक्टर देनिस घटस्फोटित, रात्री घरी सॅक्सोफोन वाजवणारा. रांतेस त्याला विचारतो की तुम्हाला दुसऱ्याचं दुःख दिसतं आणि तरी काहीच होत नाही, हे कसं जमतं?

देनिसच्या पुस्तकात ह्याचं निदान आहे. ह्याचं उत्तर नाही.

२५
त्याच चित्रपटातलं खाणावळीतलं दृश्य. फळीपाशी एक गरीब बाई लेकरांना घेऊन बसली आहे. रांतेस नुसता बघतो आणि इतरांसमोरच्या भरल्या ताटल्या फळीवरून सरकत तिच्या पुढ्यात येतात. पोरं खातात. हा चमत्कार दिग्दर्शकानं उघड दाखवला आहे, त्याचं काहीही झाकलेलं नाही.

पण रुग्णालयात रांतेसला इंजेक्शनं सुरूच होतात. त्या ताटल्यांची नोंद केसपेपरवर होत नाही.

२६
आपल्याकडचा 'देवराई', २००४, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. शेष, म्हणजे अतुल कुलकर्णी, कोकणातल्या आपल्या देवराईत गुंतलेला आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. चित्रपट हे लपवत नाही आणि त्यावर देवाचा मुलामाही चढवत नाही: डॉक्टर आहे, गोळ्या आहेत, बहीण सीना आहे. सीना त्याला आपल्या घरी आणते, आणि मग तिचं घरही ताणलं जातं.

आजार खरा. आणि देवराई तोडली जाईल ही त्याची भीती? कोकणात कुणालाही विचारा.

२७
स्किझोफ्रेनियावरच्या ह्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संरक्षणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून.

मला हा निवाडा आवडतो. परीक्षकांनी शेषचं म्हणणं ऐकलं.

२८
केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, गुंता झाला की त्याची जट होते. राजीव पाटील ह्यांच्या 'जोगवा'त (२००९) सुलीच्या केसांत जट दिसते आणि तिला यल्लम्माला सोडतात. मुक्ता बर्वेची सुली. तिच्या अंगात येत नाही, ती बरळत नाही, तिला काही दिसत नाही. इतर कथांमध्ये निदान त्या व्यक्तीला काहीतरी झालेलं असतं. सुलीच्या केसांना झालंय.

एक कंगवा आणि तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे कुणी बसलं असतं तर ही कथाच घडली नसती.

२९
'ब्रेकिंग द वेव्ह्ज', १९९६, लार्स फॉन ट्रायर. तोही डेन्मार्कचा, ड्रायरला मानणारा. ड्रायरच्या न झालेल्या 'मेदेआ'च्या पटकथेवर त्यानं दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला होता. इथे स्कॉटलंडमधलं कर्मठ गाव आणि बेस नावाची तरुणी. ती देवाशी बोलते. देवाचे संवादही तीच म्हणते, डोळे मिटून, आवाज खाली नेऊन. देव तिला रागावतो. मग ती डोळे उघडून स्वतःच्या बारीक आवाजात माफी मागते.

एमिली वॉटसनच्या चेहऱ्यावर दोन्ही वेळी एकच प्रामाणिकपणा आहे. नाटक चाललंय असं एकदाही वाटत नाही.

३०
बेसच्या मृत्यूनंतर चौकशी होते. तिच्यावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरनं लेखी अहवालात वैद्यकीय शब्द वापरलेले असतात. साक्षीत तो म्हणतो की आज पुन्हा लिहायचं झालं तर मी ते शब्द वापरणार नाही, ती 'चांगली' होती एवढंच लिहीन. अधिकारी विचारतात, म्हणजे चांगुलपणानं मेली असं नोंदवायचं का? तो माघार घेतो.

तिला दफन करताना चर्चचे वडीलधारे तिला नरकात पाठवतात. त्यांनी मात्र माघार घेतली नाही.

३१
बिर्गिटे फेडरश्पील, 'ऑर्डेट'मधली इंगर, चित्रपटाच्या काळात खरोखरच गरोदर होती. तिच्या प्रत्यक्ष बाळंतपणातला आवाज ड्रायरनं तिच्या संमतीनं ध्वनिमुद्रित करून घेतला आणि प्रसूतीच्या दृश्यात वापरला. परलोकावरच्या ह्या चित्रपटातला सर्वांत लौकिक आवाज.

३२
व्हेनिस, १९३७: प्रभातच्या 'संत तुकाराम'चा गौरव.
व्हेनिस, १९५५: 'ऑर्डेट'ला सुवर्णसिंह.

दामले-फत्तेलालांचा तुकाराम, विष्णुपंत पागनीस, कधीच वेडा दिसत नाही. कॅमेरा पहिल्यापासून त्याच्या बाजूनं आहे. त्याला वेड्यात काढायचं काम एकटी जिजाई करते, आणि तिची बाजू भक्कम आहे: घरात दाणा नाही.

३३
गौरीनं केलेली जिजाई. पोर तापानं फणफणलंय, तशीच ती त्याला घेऊन देवळात जाते आणि विठ्ठलावर पायताण उगारते. नवऱ्यानं ज्याच्यापायी घर धुळीला मिळवलं त्याला जाब विचारायला.

मी हिला अश्रद्ध म्हणणार नाही. ज्याचं अस्तित्वच मानत नाही त्याच्यावर कुणी पायताण उगारत नाही. तुकारामाला वैकुंठाला नेणारं विमान येतं तेव्हा ती संसारात राहते. त्या दिवशी पोरांना जेवायला कुणी वाढलं, हे सांगायला नको.

३४
'ऑर्डेट'चा शेवट.

इंगरच्या दफनाच्या दिवशी, इतके दिवस बेपत्ता असलेला योहानेस परत येतो. चाल साधी, आवाज साधा, नजर समोरच्यावर. बापाला कळतं की पोरगं शुद्धीवर आलंय. आता तो स्वतःला ख्रिस्त म्हणवत नाही. तो जमलेल्यांना विचारतो की इतक्या श्रद्धावंतांपैकी एकालाही देवाकडे इंगर परत मागावीशी कशी वाटली नाही? मारेन त्याचा हात धरते आणि घाई करायला सांगते. तो मागतो. इंगरची जुळवलेली बोटं हलतात.

वेडा होता तेव्हाही त्यानं तिला उठवायचा प्रयत्न केला होता, आणि बेशुद्ध पडला होता. उठवली ती शहाण्यानं.

वेड म्हणजेच देवत्व, असं सांगणाऱ्या सगळ्या चित्रपटांना आणि महाराजांना ड्रायरनं इथे नकार दिला आहे. चमत्काराच्या आधी त्यानं योहानेसला बरं केलं.

३५
फिल्म सोसायटीत 'ऑर्डेट' दाखवला गेला. खेळानंतर जिन्यात वाद. एक डॉक्टर म्हणाले, त्या काळच्या खेड्यात मृत्यूची खात्री कशी करत असतील ह्याचा भरवसा काय. एक कवी म्हणाले, असं बोलायचं असेल तर सिनेमाला येऊ नये. मागून येणाऱ्या एका वयस्कर बाई म्हणाल्या, ते राहू द्या, पुढच्या वेळी घरात कुणी गेलं की त्या मुलीला काय सांगायचं?

वाद तिथेच थांबला.

३६
'ऑर्डेट'च्या शेवटच्या शॉटमध्ये इंगर आणि मिकेल आहेत. तिच्या गालावर त्याचा गाल. योहानेस चौकटीत नाही. दोन तास आपण ज्याच्याबद्दल ठरवू पाहत होतो की हा कोण, त्याची आता गरज उरली नाही.

३७
'देवी'तली थोरली सून हरसुंदरी. करुणा बॅनर्जीनं केली आहे, 'पथेर पांचाली'तल्या सर्वजयेनं. घरात तिचं वजन नाही. नवराही बापाच्या मागून जाऊन धाकट्या जावेच्या पाया पडलाय. तिचा मुलगा खोका तापानं आजारी पडतो. तिला डॉक्टर हवाय. घराला हवंय की मूल देवीच्या मांडीवर द्यावं. दयामयीचा त्या मुलावर जीव आहे, हरसुंदरीला ते माहीत आहे. ती देते. रात्र सरते, खोका सरतो.

त्यानंतर दयामयीचं मन फाटतं, आणि राय आपल्याला तिच्याबरोबर धुक्यात नेतात. टीकाकारही तिच्याबरोबर जातात. देवी होती की बळी, ह्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

हरसुंदरी मागे घरात राहते. तिला कधीच देवी दिसली नाही, वेडही दिसलं नाही. तिला मुलाचा ताप दिसला होता. योग्य तेच तिनं मागितलं होतं आणि सगळ्या घरासमोर तिचं एकटीचं चाललं नाही. कुणीतरी हिच्यावर चित्रपट करायला हवा, आणि तो तिनं डॉक्टर बोलवा म्हटलं तिथून सुरू व्हायला हवा.